लिनक्सवर आवाज गेला? आधी पाटावरून वर चालत जा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचा एक जुना कॉम्प्युटर आहे. घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हणायच्या घुमट आरतीच्या तालमी त्यावर रेकॉर्ड करतात आणि पोरांना चाली परत ऐकवतात. त्यावर लिनक्स मीच घातलंय, त्यामुळे बिघडलं की बोलावणं मलाच. त्या संध्याकाळी फोन आला, "कॉम्प्युटर मुका झालाय, ये बघू." मी गेलो, पाच मिनिटं इथंतिथं क्लिक केलं, "ड्रायव्हर गेला असणार" असं ठोकून दिलं आणि सगळी सिस्टीम नव्यानं घातली. आवाज नाही. रात्री अकराच्या सुमारास दुसऱ्यांदा घातली. आवाज नाहीच. खरं कारण काय होतं ते पुढं येईल, पण ते सापडायला दोन मिनिटं पुरली असती, हे आत्ताच सांगून टाकतो.

ही विंडोजची सवय. तिथं ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, बाहेरून आणून घालावा लागतो, म्हणून काही बिघडलं की तो काढून पुन्हा घालायचा. लिनक्समध्ये साउंड कार्डचे जवळजवळ सगळे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात, छोट्या छोट्या तुकड्यांत. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. मशीन सुरू होताना कर्नल हार्डवेअर बघतो आणि लागेल तेवढंच मॉड्यूल चढवतो. तीच सिस्टीम पुन्हा घातली की तीच मॉड्यूलं पुन्हा येतात. मी त्या रात्री दोनदा नेमकं तेच केलं.

कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागायतीत, शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही तर कुणी झर उपसायला घेत नाही. पाटाच्या कडेकडेनं वर चालत जातो आणि पाचोळा कुठं अडकलाय, बांध कुणी फिरवलाय, ते बघतो. आवाजाचंही तसंच. त्याच्या वाटेवरचे टप्पे असे: साउंड कार्ड, त्याचं मॉड्यूल, अल्सा (कर्नलमधली आवाजाची यंत्रणा), मिक्सर (आवाज कमी-जास्त करणारे पट्टे), त्यावरचा साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज कार्डाकडे नेणारा), आणि शेवटी तुमचा प्लेअर. कुठल्या टप्प्यापर्यंत सगळं ठीक आहे हे कळेपर्यंत काही बदलायचं नाही, फक्त बघायचं.

कमांडबद्दल एक खुलासा. इथं त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. एलएसपीसीआय, डीएमईएसजी अशी नावं अक्षर-अक्षर वाचा. जिथं खाली आडवी रेघ दिसेल तिथं अंडरस्कोर. मॉड्यूलच्या नावात अंडरस्कोरऐवजी साधी मधली रेघ पडली तरी मॉडप्रोबला (मॉड्यूल चढवणाऱ्या कमांडला) चालतं, त्यामुळे तिथं घाबरायचं कारण नाही.

सुरुवात मात्र टर्मिनलशिवाय

स्पीकरची वायर मागच्या हिरव्या भोकातच आहे ना? स्पीकरला स्वतःचं बटण असेल तर ते चालू आहे ना? हसू नका. पावसात दिवसातून चारदा वीज जाते, कुणीतरी खबरदारी म्हणून सगळे प्लग उपसून ठेवतो आणि परत लावताना गुलाबी भोकात लावतो. गुलाबी भोक माइकचं.

मग सेटिंग्जमध्ये जाऊन साउंडचं पान उघडा. आउटपुटच्या जागी "डमी आउटपुट" दिसत असेल तर साउंड सर्व्हरला एकही कार्ड सापडलेलं नाही. तेव्हा खरोखरच खाली, मॉड्यूलपर्यंत उतरावं लागणार. तिथं एखाद्या कार्डाचं नाव दिसत असेल तर बहुतेक वेळा मॉड्यूल जागेवर असतं आणि अडलेलं असतं वर कुठंतरी.

कार्ड दिसतंय का, आणि कुणाच्या ताब्यात आहे

टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

एलएसपीसीआय -के

मशीनमधल्या सगळ्या भागांची लांबलचक यादी येते. तिच्यात "ऑडिओ डिव्हाइस" किंवा "मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर" असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली, थोड्या आत सरकवलेल्या, दोन ओळी महत्त्वाच्या: "कर्नल ड्रायव्हर इन यूज" आणि "कर्नल मॉड्यूल्स". निम्मं निदान या दोन ओळींतच होतं.

दोन्ही ओळी असतील तर कार्डाला मॉड्यूल मिळालंय आणि ते कामाला लागलंय. नुसती "कर्नल मॉड्यूल्स" असेल आणि "इन यूज" नसेल तर मॉड्यूल डिस्कवर आहे, पण चढलं नाही किंवा चढताना पडलं. दोन्ही नसतील तर तुमच्या कर्नलकडे या कार्डाचं मॉड्यूलच नाही. नवाकोरा लॅपटॉप आणि जुनी लिनक्स आवृत्ती अशी जोडी जमली की हे होतं आणि त्यावर इलाज नवा कर्नल हाच. ऑडिओची ओळच यादीत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आवाजाची सोय कुणी बंद केलीय का ते बघा. यूएसबीवरचा माइक किंवा बाहेरचं साउंड कार्ड या यादीत येत नाही. त्यासाठी एलएसयूएसबी ही कमांड, आणि त्याचं मॉड्यूल एसएनडी_यूएसबी_ऑडिओ.

गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर एकच नाव दिसेल: एसएनडी_एचडीए_इंटेल. नावातल्या इंटेलवर जाऊ नका. इंटेलनं २००४ मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या पद्धतीचं हे मॉड्यूल आहे, एएमडीच्या मशीनवरही हेच चालतं, आणि ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआयवर (मॉनिटरच्या वायरीवर) जाणाऱ्या आवाजालाही हेच लागतं. ही शेवटची गोष्ट मनात ठेवा. त्याआधीच्या एसी ९७ पद्धतीची मशीनं अजून काही घरांत धूळ खात आहेत. त्यांतल्या इंटेलच्या चिपांना एसएनडी_इंटेल८एक्स०.

आता दुसरी कमांड:

कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स

असाउंड म्हणजे ए अक्षराला जोडून साउंड. इथं अल्साला माहीत असलेली कार्डं शून्यापासूनच्या क्रमांकानं दिसतात. "नो साउंडकार्ड्स" असं आलं तर मॉड्यूलच्या टप्प्यावर थांबलोय. कार्ड दिसलं तर तो टप्पा पार.

मंडळाच्या कॉम्प्युटरवर दोन कार्डं निघाली. शून्यावर एचडीएमआय, एकवर पीसीएच, म्हणजे मदरबोर्डावरचं. मी विचारलं, हे एचडीएमआय कुठून आलं? मग एकानं सांगितलं की दोन दिवसांपूर्वी भाच्यानं त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं, "चित्र बरं दिसावं म्हणून". आवाज मिळत होता, व्यवस्थित मिळत होता, पण तो मॉनिटरकडे चालला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. साउंडच्या पानावर आउटपुट बदलून अ‍ॅनालॉग केलं आणि स्पीकर बोलू लागले. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम मात्र साउंड सर्व्हरला न विचारता थेट शून्य क्रमांकाच्या कार्डाकडे जातो. त्याचं काय केलं ते ऑप्शन्सच्या भागात सांगतो.

मॉड्यूल चढलं नसेल तर

एलएसमॉड | ग्रेप एसएनडी

मधली उभी रेघ म्हणजे पाइप. चढलेली, नावात एसएनडी असलेली सगळी मॉड्यूलं दिसतात. हवं ते नसेल तर हातानं चढवून बघा (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं):

सुडो मॉडप्रोब एसएनडी_एचडीए_इंटेल

काहीच न छापता कर्सर परत आला तर काम झालं. लिनक्समध्ये गप्प राहणं म्हणजे होकार. चूक आली तर ती शब्दशः वाचा. "मॉड्यूल नॉट फाउंड" असं म्हणून तो लिब/मॉड्यूल्समधल्या एखाद्या फोल्डरचं नाव घेतो. त्या नावातला आकडा चालू कर्नलचा असतो, जो यूनेम -आर नं कळतो. अपडेटनं नवा कर्नल आणला, जुन्याची मॉड्यूलं पुसली आणि तुम्ही मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर हे होतं. रीस्टार्ट करा, बस्स. उबुंटू लिनक्सवर आणखी एक शक्यता: साउंडची बरीच मॉड्यूलं लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात आणि ते पॅकेज राहून गेलेलं असतं.

हातानं चढतं पण आपोआप चढत नाही, असं असेल तर कुणीतरी ते काळ्या यादीत टाकलंय. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमधल्या फाइलींत "ब्लॅकलिस्ट" शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप चढणं अडवते, नाव घेऊन बोलावलं तर मॉड्यूल येतंच. पूर्वी कधीतरी इंटरनेटवरून उचललेला उपाय चिकटवलेला असतो आणि आपण तो विसरून गेलेलो असतो. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला, ओळ पुसू नका.

कर्नल काय म्हणतो ते ऐका

मॉड्यूल चढताना पडलं तर कर्नल त्याची तक्रार लिहून ठेवतो:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय -ई एसएनडी -ई एचडीए -ई एसओएफ

नवखे लोक इथं घाबरतात, कारण ठीक चालणाऱ्या मशीनवरही वीस-तीस ओळी येतात. सगळ्या वाचायच्या नाहीत. "एरर", "फेल्ड" आणि "नो कोडेक्स" हे शब्द शोधायचे.

"नो कोडेक्स फाउंड" म्हणजे कंट्रोलर सापडला, पण त्याला जोडलेली आवाजाची चिप उत्तर देत नाही. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर हे आलं होतं. त्यावर विंडोजही आहे, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप मशीन पुरतं बंद करत नाही, चिप अर्धवट झोपेत राहते. विंडोजमधून ती सोय बंद केली, लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. पुढच्या वेळी चिप जागी. रीस्टार्ट पुरेसा नव्हता, वीज पूर्ण तोडावी लागली.

"फर्मवेअर" शब्दाशेजारी उणे दोन आकडा दिसला तर त्याचा अर्थ फाइल सापडली नाही. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत, विशेषतः ज्यांच्या झाकणात डिजिटल माइक असतात त्यांत, आवाजासाठी एक छोटा वेगळा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम, लागतं. त्याचं नाव साउंड ओपन फर्मवेअर, म्हणून मॉड्यूलच्या नावात एसओएफ. डेबियन लिनक्सवर फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड हे पॅकेज, फेडोरा लिनक्सवर अल्सा-एसओएफ-फर्मवेअर. घाला आणि रीस्टार्ट करा. तरी चाललं नाही तर जुन्या पद्धतीनं चालवून बघता येतं: ऑप्शन्स एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१. (ही ओळ कुठं लिहायची ते पुढच्या भागात.) पण मग स्पीकर येतात आणि झाकणातला माइक जातो. व्हिडिओ कॉल करणाऱ्यानं हा सौदा करू नये.

"की वॉज रिजेक्टेड" असं आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चढू न देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही. कर्नलबरोबर आलेल्या मॉड्यूलांना हा त्रास होत नाही. बाहेरून आणून बांधलेल्यांनाच होतो.

ऑप्शन्स कुठं लिहायचे

मॉड्यूलला सूचना द्यायच्या तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये आपली स्वतःची एक फाइल करा, शेवटी .कॉन्फ हवं. दुसऱ्याच्या फाइलींना हात लावू नका. मंडळाच्या कॉम्प्युटरसाठी माझ्या फाइलीत ही एकच ओळ आहे:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल इंडेक्स=१,०

दोन्ही कार्डं एकाच मॉड्यूलची, म्हणून एकाच ओळीत क्रमांकांची अदलाबदल. मदरबोर्डावरचं शून्यावर आलं, एचडीएमआय एकवर गेलं, आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम कुरकुर न करता सुरू झाला. डेबियन आणि उबुंटूवर यानंतर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू द्या, मग रीस्टार्ट.

दुसरा उपयोगी ऑप्शन पॉवर_सेव्ह=०. गाणं सुरू होताना किंवा संपल्यावर स्पीकरमधून "टप्प" असा आवाज येत असेल तर चिप वीज वाचवण्यासाठी झोपत असते. शून्य म्हणजे झोपू नको. घातलेला ऑप्शन खरंच लागला का ते /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह ही फाइल कॅट करून कळतं.

मॉडेल नावाचाही एक ऑप्शन आहे आणि जुन्या सल्ल्यांत तो हमखास सापडतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपचं मॉडेल आपल्या मशीनवर चिकटवू नका. लागलंच तर आपली चिप कुठली ते आधी बघा, /प्रॉक/असाउंड/कार्ड० या फोल्डरमधल्या कोडेकने सुरू होणाऱ्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ते लिहिलेलं असतं. आणि एका रीस्टार्टला एकच बदल. तीन केले आणि आवाज आला तर कशामुळे आला ते कधीच कळत नाही.

रीस्टार्ट न करता मॉड्यूल उतरवायचं असेल तर मॉडप्रोब -आर आहे, पण ते "इन यूज" म्हणून अडून बसतं, कारण साउंड सर्व्हर कार्ड धरून असतो. कोण धरून बसलंय ते सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/* नं दिसतं. मी हल्ली या खटाटोपात पडत नाही, रीस्टार्ट करतो.

मिक्सर: इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर लिहा. उभे पट्टे दिसतात. एफ६ दाबून कार्ड निवडा, नाहीतर साउंड सर्व्हरचा एकच पट्टा दिसतो आणि खरे पट्टे लपलेले राहतात. पट्ट्याखाली एमएम म्हणजे तोंड बंद, ओओ म्हणजे उघडं. डाव्या-उजव्या बाणानं पट्ट्यावर जा, एम दाबा, वरच्या बाणानं वाढवा. मास्टर, पीसीएम, स्पीकर, हेडफोन, फ्रंट, जे असेल ते सगळं बघा. डेस्कटॉपवर मागच्या हिरव्या भोकाचा पट्टा कित्येकदा फ्रंट नावाचा असतो आणि तोच बंद असतो.

एक पट्टा आपल्या हवेसाठीच केलाय असं वाटतं: ऑटो-म्यूट मोड. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. चार महिन्यांच्या दमट हवेत, त्यात घर किनाऱ्याजवळ असेल तर खाऱ्या वाऱ्यात, हेडफोनच्या भोकातल्या पात्यांवर हिरवट कळंक चढतो. पातं अडकतं आणि मशीनला वाटतं की हेडफोन लावलेलाच आहे. ड्रायव्हर ठीक, मॉड्यूल ठीक, पट्टे वर, आणि स्पीकर मुका. हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करून, गोल फिरवून बघा. नाही सुटलं तर ऑटो-म्यूट डिसेबल्ड करा. स्पीकर येतात.

मग एस्केपनं बाहेर पडून सुडो अल्सासीटीएल स्टोअर, म्हणजे पट्टे लक्षात राहतात. आणि तपासणी:

स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह

एक बाई आलटून पालटून "फ्रंट लेफ्ट", "फ्रंट राइट" म्हणते. कंट्रोल आणि सी दाबल्यावर गप्प होते.

माइकसाठी याच अल्सामिक्सरमध्ये एफ४. घुमटाचा ठोका भलताच जड असतो. कॅप्चरचा पट्टा शंभरावर ठेवलात तर प्रत्येक ठोक्याला आवाज फाटतो आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या घालतो. आम्ही यूएसबी माइक घुमटापासून दोन हात लांब ठेवतो आणि पट्टा चाळीसच्या आसपास.

वरचा थर

एप्ले -एल या कमांडमध्ये कार्ड दिसतंय पण सेटिंग्जमध्ये नाही, तर साउंड सर्व्हर बघायचा. एप्ले -एल नुसतं दिल्यावर रिकामं आणि सुडो लावून दिल्यावर भरलेलं, असं असेल तर तुमच्या युजरला कार्डाला हात लावायची परवानगी नाही. परत लॉगिन करून बघा, नाहीतर ऑडिओ ग्रुपमध्ये नाव घालून घ्या.

इथं जुने सल्ले फसवतात. अल्सा २००३ मधल्या कर्नल २.६ पासून मुख्य वाट आहे, ती बदललेली नाही. पण तिच्यावर बरीच वर्षं पल्सऑडिओ होता. २०२१ मध्ये फेडोरा ३४ नं त्याजागी पाइपवायर आणला, नंतर उबुंटूनंही २२.१० पासून तेच केलं. त्यामुळे "पल्सऑडिओ मारा आणि सुरू करा" हा दहा वर्षांपूर्वीचा मंत्र नव्या मशीनवर लागू पडत नाही. आता असं:

सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

सुडो लावायचं नाही, हे सर्व्हर तुमच्या लॉगिनचे असतात. मग डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस. सिंक्स या शब्दाखाली ज्या नावापुढं तारा दिसतो तिकडे आवाज चाललाय.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारावं लागलं तर "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. अल्सा-इन्फो नावाची एक स्क्रिप्ट आहे, बऱ्याच ठिकाणी ती अल्सा-युटिल्स पॅकेजबरोबर येते. कार्ड, मॉड्यूलं, ऑप्शन्स, मिक्सरचे पट्टे, सगळं ती एका फाइलीत गोळा करते. ती माहिती सर्व्हरवर चढवू का म्हणून विचारते. नको असेल तर --नो-अपलोड लावून चालवा, फाइल टेम्प फोल्डरमध्येच राहते. आणि सोबत एक वाक्य लिहा: शेवटचा आवाज कधी ऐकला, आणि त्यानंतर मशीनमध्ये कुणी काय बसवलं. आमच्याकडे भाच्याचं नाव त्या वाक्यात पहिल्याच दिवशी आलं असतं.